कोपेश्वराचा नंदी कोणत्या राज्यात?

खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात नंदी नाही. शंकराचे देऊळ आणि समोर नंदी नाही, ही गोष्ट पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येतेच असे नाही, कारण आत शिरल्याबरोबर नजर दुसरीकडेच गुंतते. गावातली माणसे मात्र ती आवर्जून सांगतात. दक्षाच्या यज्ञाला सती गेली ती नंदीवर बसून. तिथे अपमान झाला, तिने यज्ञकुंडात देह टाकला आणि शंकर कोपले. विष्णूने त्यांची समजूत घातली आणि दोघेही शेजारी शेजारी लिंगरूपाने येथे राहिले, एक कोपेश्वर आणि दुसरा धोपेश्वर. नंदी मात्र तिकडेच राहिला. तिकडे म्हणजे यडूरला, येथून दहा-बारा किलोमीटरवर, कृष्णेच्याच काठी. यडूरला वीरभद्राचे मोठे देवस्थान आहे, आणि दक्षाचा यज्ञ उधळणारा तो वीरभद्रच. कथा अशी चोख जुळते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी या कथेच्या मधून सीमा गेली. तोपर्यंत दोन्ही गावे मुंबई राज्यातच होती. त्या दिवसापासून देव मुंबई राज्यात राहिला आणि नंदी म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६० साली देवाच्या बाजूला महाराष्ट्र झाला, १९७३ साली नंदीच्या बाजूला कर्नाटक हे नाव आले. देव आणि नंदी होते तिथेच आहेत.

आपल्या महाविद्यालयात खिद्रापूरचे नाव दोन प्रसंगी निघते, सहलीसाठी आणि पुराव्यासाठी. सहलीबद्दल माझी काही तक्रार नाही. पुराव्याबद्दल आहे. सीमाप्रश्नावर बोलायची वेळ आली की मराठी बाजूचा वक्ता खिद्रापूरचे देऊळ महाराष्ट्राचे वैभव म्हणून सांगतो, आणि त्याच्या पाठोपाठ कन्नड बाजूचा वक्ता उठून म्हणतो, तिथले शिलालेख कोणत्या भाषेत आहेत ते आधी वाचून या. टाळ्या दोघांनाही पडतात. मला दोन्ही भाषा येत असल्यामुळे दोन्ही भाषणे समजतात, हा फायदा म्हणायचा की तोटा हे अजून ठरलेले नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की दोघेही त्या गावाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि गावाला विचारत कोणीच नाही.

गाव लहान आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्याचे हे पूर्वेकडचे टोक. कोल्हापूरपासून अंतर साधारण ६० किलोमीटर. कुरुंदवाड सोडले की सैनिक टाकळी लागते, जिच्या नावातच तिथल्या घराघरांतले फौजी आहेत, आणि मग उसाच्या दोन भिंतींमधून रस्ता खिद्रापूरला पोचतो. कृष्णा गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. पलीकडच्या काठावर बेळगाव जिल्ह्यातले जुगूळ. नावेतून येण्याजाण्याची वहिवाट जुनी, आणि सोयरिकी त्याहून जुन्या. चहाच्या टपरीवर बसलेला म्हातारा माझ्याशी मराठीत बोलता बोलता वळून पलीकडून आलेल्या माणसाशी कन्नडमध्ये उसाच्या तोडीबद्दल बोलू लागला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. मध्ये त्याला दम घ्यावा लागला नाही. आमच्या वर्गात भाषांतराचा तास असतो; त्यात आम्हांला लागतो.

देवळात प्रथम लागतो तो स्वर्गमंडप. याला छप्पर आहे आणि नाहीही. बरोबर मध्यावर सुमारे १३ फूट व्यासाचा गोल उघडा ठेवलेला आहे, आणि खाली जमिनीवर तेवढीच एक गोल शिळा. भोवती ४८ खांब. आतल्या वर्तुळातले १२ खांब तो उघडा गोल पेलतात. खांबांच्या वरच्या भागात कार्तिकेय, इंद्र, कुबेर, यम अशी मंडळी आपापल्या वाहनांवर बसली आहेत. होमाचा धूर जाण्यासाठी गोल ठेवला असे म्हणतात. कार्तिकी पौर्णिमेला चांदणे त्यातून खालच्या शिळेवर उतरते आणि ते पाहायला दोन्ही राज्यांतून गर्दी होते. पुढे सभामंडप, मग अंतराळ, मग गाभारा. जसजसे आत जावे तसतसा उजेड कमी होतो, आणि शेवटी दोन लिंगे आहेत एवढेच डोळ्यांना कळते. बाहेरून प्रदक्षिणा घालावी तर देवळाचा सगळा भार हत्तींच्या रांगेने पाठीवर घेतलेला दिसतो. सांगणारे ९२ हत्ती सांगतात. कित्येकांच्या सोंडा तुटल्या आहेत, वरच्या मूर्ती भंगल्या आहेत. पण एकाही हत्तीने पाठ खाली केलेली नाही. जवळच जुने जैन मंदिरही आहे. कोपेश्वर पाहून लोक तसेच परततात, ते बरे नव्हे.

हे काम प्रामुख्याने शिलाहार राजांच्या काळातले, बाराव्या शतकातले, आणि त्यात पुढे यादवांचा हात लागलेला. आता शिलालेखांकडे येऊ. देवळात सुमारे बारा शिलालेख आहेत. त्यांपैकी एक सोडला तर बाकीचे कन्नड. तो एक संस्कृत आहे, देवनागरी लिपीतला, दक्षिण दरवाजाजवळ बाहेरच्या भिंतीवर. तो यादव राजा सिंघण याचा, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सनाच्या १२१३-१४ च्या सुमाराचा. मिरज देशातले कुडलदामवाड हे नदीसंगमावरचे गाव देवाला दिल्याची नोंद त्यात आहे, आणि ते गाव म्हणजे आजचे कुरुंदवाड असे मानतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा लेख काव्य वाटत नाही, ट्रस्ट-डीड वाटतो. देणारा कोण, घेणारा कोण, मालमत्ता कोणती आणि ती कुठे आहे, सगळे आहे. आठशे वर्षांपूर्वीचा हा दस्त भिंतीवर कोरलेला असल्यामुळे गहाळ झाला नाही. आमच्याकडे सात-बारा गहाळ होतो.

पण मला गंमत वाटली ती त्या गावाच्या नावाची. कन्नडमध्ये ‘कूडलु’ म्हणजे एकत्र येणे, संगम. मलप्रभा कृष्णेला मिळते ते कूडलसंगम आपल्याला ठाऊकच आहे. देवगिरीच्या राजाचा लेख, भाषा संस्कृत, लिपी नागरी, आणि संगमावरच्या गावाच्या नावात मला तरी कन्नडच ऐकू येते. आणि खिद्रापूरचे जुने नाव कोप्प किंवा कोप्पद. चोळ राजा राजाधिराज ज्या कोप्पमच्या लढाईत १०५४ साली पडला ते कोप्पम हेच, असे काही इतिहासकार मानतात. काहींच्या मते ते तुंगभद्रेकडचे कोप्पळ. ते त्यांचे त्यांनी पाहावे. मात्र ‘कोप्प’ म्हणजे कन्नडमध्ये लहान वस्ती, वाडी. तसे असेल तर कोपेश्वर हा मुळात रागावलेला देव नव्हेच. तो वाडीचा देव. कोप त्याला मागाहून संस्कृत कान असलेल्या कोणीतरी चिकटवला असावा. माझ्या या तर्काला इतिहासाच्या प्राध्यापकांनी हसावे, माझी हरकत नाही.

एवढे सांगितल्यावर कन्नड विभागातले माझे मित्र म्हणतील, मग मान्य कर की गाव आमचे. ते मी मान्य करणार नाही. शिलालेखाच्या भाषेवरून गावाचा मालक ठरवायचा असेल तर श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतल्या ओळी कोरलेल्या आहेत, त्यांचे काय करायचे? मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्यांची गणना होते. खिद्रापूर तुम्ही न्या आणि श्रवणबेळगोळ आम्हांला द्या, असा सौदा कोणी मांडला तर दोन्हीकडचे शहाणे लोक त्याला वेड्यात काढतील. शिलाहारांनी कन्नडमध्ये लेख कोरले, यादवांनीही पुष्कळ कोरले, कारण त्या काळी या मुलखात राज्यकारभाराची ती एक चालू भाषा होती. राजाला दान नोंदवायचे होते. १९५६ साली कोणाला उपयोग होईल म्हणून त्याने ते नोंदवले नव्हते.

आता दुसरी बाजू. मी मराठी शाळेत शिकलो. घरात मराठी, वाण्याकडे कन्नड, बाजारात दोन्ही. सरकारी कचेरीतला छापील अर्ज माझ्या आईला वाचता येत नाही. तो मला वाचून दाखवावा लागतो आणि अंगठ्याची नव्हे, सहीची जागा बोटाने दाखवावी लागते, कारण तिला सही येते, सातवीपर्यंतचे मराठी येते. ही आमच्या भागातल्या हजारो घरांची रोजची अडचण आहे आणि ती मला सीमाप्रश्नापेक्षा मोठी वाटते. तिच्यावरचा उपाय मात्र कोपेश्वराच्या भिंतीवर लिहिलेला नाही. तो राज्यघटनेत आहे. १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीने ३५० अ हे कलम आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्याक भाषेचे लोक १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असेही पुढे ठरले. या हक्कासाठी आजोबा इथले होते की पणजोबा, देऊळ शिलाहारांचे की चालुक्यांचे, हे सिद्ध करावे लागत नाही. आज इथे माणूस राहतो आणि त्याची ही भाषा आहे, एवढे पुरते. जतमधल्या, अक्कलकोटमधल्या कन्नड शाळेतल्या मुलालाही तेच कलम लागू आहे, त्याच शब्दांत. आमची मंडळी बेळगावच्या मराठी पाट्यांसाठी घसा कोरडा करतात तेव्हा जतच्या त्या मुलाचे नाव त्यांच्या भाषणात येत नाही, हे मला खटकते. कन्नड बाजूच्या भाषणांत नेमके उलटे होते.

महाजन आयोगाची नेमणूक १९६६ ची, अहवाल १९६७ चा. महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला २००४ साली. माझा जन्म त्यानंतरचा. दर १ नोव्हेंबरला गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी पाहत मी वाढलो. निकाल लागायचा तेव्हा लागेल, आणि लागेल तो मानावा लागेल. तोवर आईचा अर्ज थांबू शकत नाही.

खिद्रापूरच्या आसपास फिरले तर ही माझी-तुझी भाषा किती तोकडी आहे ते कळते. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथे नृसिंहवाडी. नृसिंहसरस्वतींचे बारा वर्षे वास्तव्य झाले असे सांगतात ते हे ठिकाण. दत्ताच्या पादुकांवरचे ते देऊळ विजापूरच्या आदिलशहाने बांधून दिले, त्याच्या मुलीची दृष्टी परत आली म्हणून, अशी परंपरा आहे, आणि देवळाचा घाट पाहिला की ती पटते. औरवाड-गौरवाड ही गावेही त्यानेच इनाम दिली म्हणतात. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी उत्तरेकडून आत येते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नानाला उभ्या असलेल्या रांगेत चिकोडी-अथणीची माणसे किती असतात ते कोणी मोजावे. वाडीचे कंदी पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांबद्दल दोन्ही भाषांत एकमत आहे. पलीकडे कुरुंदवाड, पटवर्धनांचे संस्थान. तिथल्या घाटावर संताजी घोरपडे यांची समाधी दाखवतात. थोडे वर बाहुबलीच्या डोंगरावर १९६३ साली उभी केलेली २८ फुटी मूर्ती. तिच्या पायथ्याशी जमणाऱ्या जैन शेतकऱ्यांत कोण कोणत्या राज्याचा हे ऐकून सांगता येत नाही.

आणि आपल्या चिकोडी तालुक्यातच पाहा. दूधगंगेच्या पट्ट्यात सदलगा आणि एकसंबा ही एकमेकांच्या जवळची गावे. सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये तीस वर्षांहून अधिक काळ कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकवत होते, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. एकसंब्यात जन्मलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून, इंग्रजी शिकवून, मराठी कथा लिहीत होते. एकजण महाराष्ट्रात नोकरी करून कन्नडचा अध्यक्ष, दुसरा कर्नाटकात नोकरी करून मराठीचा कथाकार. त्याच धारवाडचे बेंद्रे, ज्यांच्या घरी मराठी होती, त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ कन्नड कवितेसाठी मिळाले. आपल्या नियतकालिकाच्या मराठी विभागात उपाध्यांवर लेख आलेला मी पाहिलेला नाही, कन्नड विभागात जी. एं.वर आलेला पाहिलेला नाही. मधली छायाचित्रांची गुळगुळीत पाने उलटून कोणी पलीकडे जातच नाही. स्नेहसंमेलनातला आपला फोटो शोधून झाला की अंक मिटतो.

व्यवहार मात्र केव्हाच पलीकडे गेला आहे. ऊस सीमा ओलांडतो, दोन्ही दिशांनी. ज्या सहकारी संस्थेचे सभासद एकाहून अधिक राज्यांत आहेत तिच्यासाठी २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा आहे, आणि आपल्या भागात त्याखाली नोंदलेले साखर कारखाने आहेत. म्हणजे साखरेला दोन राज्यांची असण्याची कायदेशीर सोय आहे; देवळाला, नदीला, विद्यार्थ्याला तशी सोय कोणी केलेली नाही. हिशेबाच्या वहीत आम्ही जमा आणि खर्च लिहितो, कन्नड वहीतही तेच दोन शब्द आहेत. दोन्ही भाषांनी ते फारसीच्या दुकानातून उधारीवर आणले आणि अजून परत केलेले नाहीत.

नदीचे दुखणे त्याहून गंभीर आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांत शिरोळ तालुका बुडाला आणि आपले चिकोडी-रायबाग-अथणीही बुडाले. पूर चढू लागला की राजापूरचा बंधारा, कल्लोळ-यडूरचा बंधारा, एकामागून एक पाण्याखाली जातात आणि दोन्ही काठ आपापल्या जागी अडकून पडतात. वरचे लोक म्हणतात, अलमट्टीचे पाणी मागे चढते. खालचे लोक म्हणतात, कोयनेतून सोडलेले पाणी आमच्यावर येते. अलमट्टीची पाणीपातळी आज ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ करायची कर्नाटकाची इच्छा, आणि शिरोळ-सांगलीचा तिला विरोध. २०१९ नंतर महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचे मुख्य कारण मानले नाही, तरी काठावरच्या माणसाची खात्री पटलेली नाही, कारण पाणी त्याच्या गोठ्यापर्यंत आले होते आणि समिती तिथपर्यंत आली नव्हती असे तो म्हणतो. उन्हाळ्यात हाच वाद उलटा होतो. राजापूर हा कृष्णेवरचा महाराष्ट्रातला शेवटचा बंधारा. त्याच्या खाली पाणी कर्नाटकाचे. तेव्हा खालचे लोक पाणी सोडा म्हणतात आणि वरचे लोक बंधाऱ्यावर पहारा ठेवतात. खिद्रापूरचा शेतकरी या दोन्ही वादांत महाराष्ट्राचा, यडूरचा कर्नाटकाचा. पुरात वाहून गेलेल्या कडब्याच्या गंजी कुठल्या गावच्या, ते मात्र दोघांनाही ओळखता येते, आणि म्हशी एकमेकांच्या दावणीला बांधल्या जातात.

खिद्रापूरबद्दल माझी सूचना साधी आहे आणि ती कोणत्याही सरकारकडे नाही, कारण सरकारला ती कळेपर्यंत मी पदवीधर होऊन जाईन. देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे; तिथे प्रत्येक शिलालेखाशेजारी त्याचा मजकूर आजच्या कन्नडमध्ये आणि मराठीत लावावा, असा अर्ज दोन्ही विभागांच्या सह्यांनी आपण खात्याला पाठवू शकतो. तोवर आपल्या हातात आपला अंक आहे. पुढच्या वर्षी कन्नड विभागातल्या मुलांनी शिलालेखांचे छापून आलेले वाचन मिळवून ते आजच्या कन्नडमध्ये सोपे करावे, मराठी विभागातल्यांनी त्याचे मराठी करावे, आणि दोन्ही समोरासमोरच्या पानांवर छापावे, छायाचित्रांच्या पानांच्या जागी. छायाचित्रे थोडी मागे गेली तरी चालतील. मराठीवाल्यांना कन्नड मजकुरात आपली नावे आणि आपले शब्द सापडतील, कन्नडवाल्यांना सिंघणाच्या लेखातले कुडल सापडेल, आणि निदान वादविवादात दोघेही न वाचलेल्या लेखाची साक्ष काढणार नाहीत.

यासाठी एकदा जाऊन यावे लागेल. दिवाळीनंतर नदी उतरलेली असते, वाटा कोरड्या असतात. कार्तिकी पौर्णिमेचा दिवस टाळावा, त्या गर्दीत अक्षर वाचता येणार नाही. सकाळी खिद्रापूर, जैन मंदिर धरून, दुपारी यडूर. वीरभद्राला नमस्कार करून नंदी पाहावा आणि तो कोणाकडे तोंड करून बसला आहे ते प्रत्येकाने आपापले ठरवावे. भाकरी घरून आणावी. ज्यांना यायचे आहे त्यांनी नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये, सुवाच्य अक्षरात, बी. कॉम. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आणून द्यावे. वर्गणी आणि खर्चाचा हिशेब मी ठेवीन, दोन्ही भाषांत.